टाकळा उपटू नका, त्याचा केसाळ भाऊबंद उपटा

स्वयंसेवक म्हणून पहिल्या वर्षी बागेतलं तण काढताना मी दीड पोतं टाकळा उपटला होता. कुंपणापलीकडून एक आज्जी म्हणाली, "काय रे बाळ, भाजी काढून टाकालास काय?" तेव्हा लाज वाटली होती. आता दर पावसाळ्यात तीच चूक दुसऱ्यांच्या हातून होताना बघतो आणि चिडचिड होते.

टाकळा बेळगावकरांना सांगायला नको. आषाढात बाजारात ढिगाने येतो, कोवळा पाला चण्याच्या डाळीबरोबर शिजतो, कन्नडमध्ये त्याला तगचे म्हणतात. पुढे जाऊ.

घोटाळा आहे तो सेन्ना युनिफ्लोराचा, म्हणजे टाकळ्याच्या केसाळ भाऊबंदाचा. मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं झुडूप. याला सर्रास लोक 'टाकळाच की' म्हणतात. फूल पिवळंच आणि पानंही तशीच जोडीजोडीने, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे. पण हा एकदा पसरला की दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही. गंमत म्हणजे आपल्या कर्नाटकातच याला मुद्दाम वाव दिला गेला. 1955 साली पुण्यात नजरेस आलेलं गाजर गवत सगळीकडे पसरलं, तेव्हा त्यावर उतारा म्हणून डॉ. एम. महादेवप्पांसारख्या कृषिशास्त्रज्ञांनी कॅसिया सेरिसियाचं, म्हणजे याचंच, बी पेरण्याचा उपाय पुढे आणला. पडीक माळावर तो उपाय समजू शकतो. पण बागेत कुणी "गाजर गवत मारतंय की, राहू दे" म्हणालं की मी वाद घालतो. चोराला हाकलायला दरोडेखोर घरात घेतल्यासारखं आहे ते.

ओळख कशी? शेंगा धरल्यावर लहान पोरही सांगेल. टाकळ्याची शेंग वीतभर, बारीक, विळ्यासारखी किंचित वाकडी. याची दोन बोटांच्या पेरांएवढी, सरळ, दाण्यादाण्यामध्ये दबलेली, तपकिरी लवीची, झुपक्याने लागते. पण शेंगा दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला, बी तयार झालं. उपटायचं ते श्रावणात, फुलापूर्वी, आणि नेमकी तेव्हाच दोघांत फसगत होते.

तेव्हा पानांच्या जोड्या मोजू नका. टाकळ्याला तीन, याला कधी तीन, कधी चार-पाच. कोवळ्या रोपात ही खूण हमखास दगा देते. 'युनिफ्लोरा' म्हणजे एकफुली, म्हणून फुलं मोजायला जाल तर तेही चुकेल, एका जागी चार-पाच फुलं सहज असतात. देठावरच्या ग्रंथी वगैरे पुस्तकी खुणांना भिंग लागतं, आणि रविवारी सकाळी चिखलात उकिडवं बसून भिंग कोण काढणार!

पान चिमटीत धरा आणि अंगठा खालून फिरवा. टाकळा गुळगुळीत लागतो. हा मखमलीसारखा, वासराच्या कानासारखा. कोवळा दांडाही केसाळ असतो. तिरप्या उन्हात धरला तर लव चमकते. 'सेरिसिया' या जुन्या नावाचा अर्थच रेशमी. पन्नास रोपं हाताळलीत की डोळे मिटून सांगाल.

आणि इथेच स्वयंसेवकांचा घात होतो. सगळ्यांच्या हातात रबरी मोजे! मोज्यातून लव कशी कळणार? गाजर गवताने अंगाला खाज सुटते, त्याच्यासाठी मोजे हवेतच. म्हणून आमच्या गटात आधी मोजे घालून गाजर गवत काढतो, मग हात धुऊन उघड्या हाताने याच्याकडे वळतो. दोन्ही कामं एकदम करायची घाई नको.

विळ्याने किंवा यंत्राने वरवर छाटण्याला माझा ठाम विरोध आहे. खुंट पुन्हा फुटतो आणि दोन आठवड्यांत सगळा खटाटोप वाया जातो. चांगला पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी बुडाला धरून ओढा, मुळासकट येतो. फुलावर न आलेली रोपं तिथेच उलटी टाकलीत तरी चालतं. शेंगा असतील तर पोत्यात भरा, तोंड बांधा, आणि कंपोस्टच्या खड्ड्याकडे तर बिलकूल नेऊ नका. आमच्या एका खड्ड्यातून पुढच्या जूनमध्ये जे उगवलं ते काढायला तीन रविवार गेले.