रिबिल्ड डिझेल इंजिन चढवणं आणि पहिला स्टार्ट

बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड असं सगळं काम करून जुळवलेलं डिझेल इंजिन गाडीत परत बसवायचं आणि पहिल्यांदा चालू करायचं, या कामाला सोलापूरच्या गॅरेजात नुसतं 'इंजिन चढवणं' म्हणतात. रिंगा, बेअरिंग, पॅकिंग एवढंच बदललं तर हाफ इंजिन, आणि लेथवाल्याकडे बोअर मारून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा शाफ्ट) ग्राइंडिंग करून आणलं तर फुल इंजिन. गाडी ऑइल प्यायला लागली, बॅक मारायला लागली (म्हणजे कॉम्प्रेशन रिंगांवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरून ऑइलच्या झाकणातून धूर यायला लागला) की ही वेळ येते. खर्च सगळा उतरवण्यात आणि लेथवर होतो, पण ते इंजिन किती वर्षं चालणार हे बऱ्याच वेळा चढवताना आणि पहिल्या अर्ध्या तासात ठरतं, आणि तिथंच सगळ्यांना घाई असते.

चढवायची पद्धत गाडीवर आहे. इंडिकासारख्या (१९९८ ची गाडी, १४०५ सीसी) पुढच्या चाकाला ड्राइव्ह असलेल्या गाडीत इंजिन आडवं असतं, गिअरबॉक्स जोडूनच चेन पुलीला टांगून सोडतात, नाहीतर खालून उचलतात. बोलेरो, सुमोमध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, गिअरबॉक्स गाडीतच ठेवून इंजिन मागे सरकवत शाफ्टवर घ्यावं लागतं, आणि इथं खरी परीक्षा क्लच प्लेटची. प्लेट मधोमध बसली नसेल तर शाफ्ट आत जातच नाही. त्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट वापरतात, नसला तर मापाच्या लाकडी दांड्याला टेप गुंडाळून काम भागवतात आणि ते चालतंही. मात्र इंजिन आणि गिअरबॉक्समधली फट हाताने हलवत मिटली पाहिजे, बोल्ट आवळून ओढून घेतली की क्लच प्लेट वाकते किंवा हाउसिंगचा कान तुटतो. रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील याच वेळी नवं टाकायचं, थोडक्यासाठी जुनं ठेवलं आणि नंतर गळलं तर परत सगळं उतरवावं लागतं. फाउंडेशनचे (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांचे) बोल्ट आधी सैल ठेवून इंजिन आपल्या जागी बसू द्यायचं, मग आवळायचे, नाहीतर गाडी उभी असतानाही सगळी थरथरते.

एक गोष्ट हमखास राहते ती अर्थची पट्टी, इंजिन ते बॉडी. आमच्या जुन्या गाडीला एकदा ती लावायची राहिली, सेल्फ (स्टार्टर मोटर) मारला तर फिरेना, उलट एक्सिलेटरची केबल गरम होऊन तिचं कव्हर वितळलं, कारण सेल्फचा एवढा मोठा करंट परत जायला तीच वाट सापडली होती. तेव्हापासून मी बॅटरी लावायच्या आधी ती पट्टी हाताने ओढून बघतो.

टायमिंग बेल्टच्या खुणा जुळल्या तरी क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) एकदा, म्हणून दोन. मध्येच कुठं कडक अडकलं तर जोर लावायचा नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतोय. हाताने टेकला तर नुसतं अडकतं, सेल्फने टेकला तर व्हॉल्व्ह वाकतो.

मग ऑइल. नव्या बेअरिंगवर जुळवताना लावलेलं तेल फक्त तेवढ्यापुरतं असतं, पंपात हवा असते, त्यामुळे इंजिन लगेच पेटवलं तर सुरुवातीचे काही सेकंद बेअरिंग कोरडं घासतं. म्हणून फिल्टर ऑइलने भरून बसवायचा (तोंड वर असेल तर), टर्बो असेल तर त्याच्या ऑइलच्या पाइपात थोडं ऑइल सोडायचं, आणि डिझेल बंद ठेवून सेल्फ मारायचा. जुन्या पंपाच्या गाडीत स्टॉप सोलेनॉइडची वायर काढली की डिझेल बंद. दहा-दहा सेकंद मारायचं, मध्ये सेल्फला थंड होऊ द्यायचं, ऑइलची लाइट जाईपर्यंत. इथं आधी ऑइल, मग डिझेल, हा क्रम काही झालं तरी उलटा करायचा नाही.

नंतर हवा काढणं. डिझेलच्या लाइनमध्ये हवा असली की पंप हवाच दाबत बसतो, नोझल (इंजिनात डिझेल फवारतो तो) उघडत नाही. फिल्टरचा बोल्ट सैल करून हातपंप मारायचा, फेस जाऊन स्वच्छ डिझेल आलं की आवळायचा, मग नोझलच्या टोकाचे पाइप नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारायचा, डिझेल पाझरलं की आवळले, आणि दोन नट आवळेपर्यंत इंजिन कधी कधी खोकत चालूही होतं. पण हे फक्त जुन्या पंपाला. स्विफ्टच्या १२४८ सीसीसारख्या कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच जाड पाइपातून डिझेल मिळतं ते) प्रेशर हजार बारच्या वर जातं, तिथं नट ढिला करून सेल्फ मारला तर डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि ते डायरेक्ट ऑपरेशनचं प्रकरण असतं. तिथं हाय प्रेशरच्या नटाला हात न लावता कमी प्रेशरच्या बाजूनेच डिझेल भरून घ्यायचं.

सोलापुरात एप्रिल-मेच्या उन्हात जुनी गाडी हीटर प्लग (स्टार्टच्या आधी आतली हवा तापवणारे) गरम न करताही चालू होते, त्यामुळे इथं बरेच जण प्लग बघतच नाहीत. रिबिल्ड इंजिनात रिंगा अजून बसलेल्या नसतात, कॉम्प्रेशन थोडं कमी पडतं आणि डिझेल तर कॉम्प्रेशनच्या उष्णतेवरच पेटतं, तेव्हा प्लग चालू पाहिजेतच.

पहिल्या स्टार्टला नारळ फुटतो, मिस्त्री सोडून सगळे लांब उभे राहतात. मिस्त्रीच्या हातात एक सपाट फळी असावी. इनटेकमध्ये ऑइल गेलं असेल तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही, तेव्हा हवेच्या तोंडावर फळी दाबून त्याचा श्वास कोंडायचा. कापड नको, आत ओढलं जातं. हाताचा तर विचारही नको.

चालू झाल्यावर कान आणि डोळे ऑइलच्या लाइटवर. काही सेकंदांत गेली नाही तर बंद. पांढरट निळा धूर थोडा वेळ येणारच, जुळवताना लावलेलं तेल जळतंय. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडून ठेवायचं, गाडीच्या आतला हीटर फुल, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहायचं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडल्यावरही बुडबुडे येतच राहिले तर हेड पॅकिंगवर संशय. बोअरवेलचं पाणी टाकू नये, त्यातला क्षार आत बसतो, ब्रँडेड कूलंट महाग वाटलं तरी तेच टाकायचं.

यानंतर लोक जी चूक करतात ती लाडाची. 'नवं आहे, सेटिंग होऊ द्या' म्हणून तासभर स्लोवर चालू ठेवतात. रिंगेला बोअरवर दाबतो तो तिच्यामागे शिरणारा गॅस, लोड नसला की दाब नाही, मग बोअरला नुसती चकाकी चढते आणि रिंग कायमची ऑइल सोडत राहते. गळती बघून झाली की गाडी रस्त्यावर काढायची, सकाळी लवकर, तुळजापूरच्या दिशेने. अंतर साधारण ४५ किलोमीटर, शेवटी घाट, तिथं मध्यम लोड आपोआप मिळतो, फक्त टॉप गिअरमध्ये रेटायचं नाही आणि एकाच स्पीडला धरून ठेवायचं नाही. वर जाऊन दर्शन घ्या, इंजिन थंड झाल्यावर ऑइल, कूलंट बघा, परत या. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० ते १००० किलोमीटरला बदलतात, त्यात चमचमणारा बारीक चुरा दिसतो तो सुरुवातीचा असतो. बोटाला टोचेल एवढा तुकडा निघाला तर मात्र चेंबर खोलावा लागतो.