फाइलीच्या पोटातलं लिनक्स

विंडोजच्या जोडीला लिनक्स घ्यायचं म्हटलं की डिस्कची वाटणी आली. नवखा माणूस इथेच घाबरतो, आणि त्यात चूक नाही: एक पार्टिशन (डिस्कचा वाटा) चुकून पुसलं की फोटोंसकट सगळं साफ. 2008 मध्ये उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराच्या 8.04 आवृत्तीसोबत आलेल्या 'वुबी' या इन्स्टॉलरने यावर मजेदार तोड काढली. वाटणी करूच नका. विंडोजच्या पार्टिशनवर 'रूट.डिस्क' नावाची काही जीबींची फाइल करा आणि अख्खं लिनक्स तिच्यात बसवा. नको झालं की इतर प्रोग्रामसारखं अनइन्स्टॉल करा.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी डिस्क म्हणजे नंबर घातलेल्या खणांची लांबलचक रांग. अमक्या खणातलं दे, तमक्या खणात हे ठेव, एवढाच व्यवहार. पलीकडे खरी डिस्क आहे की फाइल, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. लिनक्समधलं 'लूप डिव्हाइस' याचाच फायदा घेतं. 1000 नंबरचा खण मागितला, की फाइलीतले पहिले 5,12,000 बाइट ओलांडून पुढचे 512 आणून देतं.

खरी कसरत लिनक्स चालू होताना. फाइल एनटीएफएस या विंडोजच्या फाइली मांडण्याच्या पद्धतीच्या पार्टिशनवर, आणि ते उघडणारा प्रोग्राम त्याच फाइलीत. म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद! म्हणून बूटलोडर, म्हणजे सिस्टिम चालू करून देणारा प्रोग्राम, आधी कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि 'इनिटरॅमएफएस' नावाचं छोटं गाठोडं रॅममध्ये आणतो. किल्लीची नक्कल त्या गाठोड्यात असते. बंद करताना सगळं उलट्या क्रमाने: पार्टिशन सांभाळणारा प्रोग्राम आधी मेला, तर लिनक्सच्या पायाखालची जमीनच गेली.

वीज गेली तर? एनटीएफएसची नोंदवही फाइलींचा हिशेब सांभाळते, आतल्या मजकुराची हमी देत नाही. कधी कधी विंडोजचं डिस्क तपासणारं साधन चेकडिस्क 'रूट.डिस्क' उचलून 'फाउंड.000' या फोल्डरमध्ये टाकायचं आणि लिनक्स गायब झाल्यासारखं वाटायचं. माझ्या मते वुबी चाखून बघण्यापुरतंच ठीक होतं.

विंडोज 8 आणि यूईएफआय या संगणक चालू करण्याच्या नव्या व्यवस्थेशी वुबीचं जमलं नाही, 13.04 आवृत्तीपासून उबुंटूने ते वगळलं. युक्ती मात्र टिकली. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल 2 मध्ये सगळा संसार 'ईएक्सटी4.व्हीएचडीएक्स' या एका फाइलीत असतो. आतलं सामान वाढलं की ती फुगते, पण सामान पुसलं म्हणून सहसा आपोआप आकसत नाही.