कोपऱ्यातला उजेड : मिररलेससाठी छोटी वाइड लेन्स निवडताना

परतीच्या पावसाची सर ओसरते, पश्चिमेकडून तिरपं ऊन येतं आणि पूर्वेच्या काळ्या ढगावर अखंड कमान उमटते. घाईघाईने कॅमेरा काढावा, तर चौकटीत कमानीचा एकच पाय मावतो. दोन पावलं मागे सरकून उपयोग नसतो, कारण इंद्रधनुष्याला अंतर नसतं, फक्त कोन असतो. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवतीचं ते ४२ अंश त्रिज्येचं वर्तुळ आहे. सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असेल, तर कमानीचे दोन पाय एकमेकांपासून सुमारे ७५ अंशांवर टेकतात.

आता मिररलेस, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्याच्या वाइड (रुंद कोनाच्या) लेन्सचं पाहू. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी पट्टी) ३६ × २४ मिमी असतो. लेन्सचा मिमीतला आकडा म्हणजे तिची फोकल लेंथ; तो जितका लहान, तितकी लेन्स वाइड. कॅमेरा आडवा धरला, तर त्यावर २८ मिमीची लेन्स डावी-उजवीकडे मिळून साधारण ६५ अंश पाहते, २४ मिमीची ७४, २० मिमीची ८४ आणि १६ मिमीची ९७. म्हणजे २४ मिमीवर या कमानीचे पाय जेमतेम कापले जातात, २० मिमीवर मोकळे मावतात. सूर्य मावळतीला टेकला की माथा ४२ अंश उंच जातो. मग कॅमेरा वर कलवावा लागतो, आणि कलवला की २० मिमीतूनही पाय निसटतात. तिथे १६ मिमीच हवी. 'किती वाइड घेऊ?' याचं उत्तर असं विषयाच्या कोनातून काढावं. दुकानातल्या काउंटरवर व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं, तर जितकी वाइड तितकी भारीच वाटते.

हे आकडे फुल फ्रेमचे आहेत. एपीएस-सी या लहान सेन्सरवर तोच कोन हवा असेल तर फोकल लेंथला दीडने भागायचं (कॅननच्या एपीएस-सीवर १.६ने), त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्सवर दोनने. म्हणजे २० मिमीचा कोन अनुक्रमे १३ आणि १० मिमीच्या आसपास मिळतो. इथे फसगत नेहमी होते. फुल फ्रेमसाठी बनवलेली सुबक २० मिमी लेन्स एपीएस-सी कॅमेऱ्याला लावली की ती ३० मिमीसारखी वागते, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सच्या १८ मिमी टोकापेक्षाही अरुंद. पैसे जातात आणि चौकट आणखी लहान होते.

आरसा गेला, मग काय बदललं?

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा होता. त्याला जागा हवी म्हणून निकॉनच्या एफ माउंटवर (माउंट म्हणजे लेन्स बसवायची कडी) लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, कॅननच्या ईएफवर ४४ मिमी. साध्या रचनेची २० मिमीची लेन्स मात्र फिल्मच्या २० मिमीच्या जवळपास यायला बघते. १९५९ साली निकॉनने एफ कॅमेऱ्यासाठी २.१ सेंटिमीटरची लेन्स काढली, तिचं मागचं टोक इतकं आत शिरायचं की आरसा आधी वर अडकवून ठेवावा लागे आणि चौकट पाहायला वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा लागे.

या अडचणीवरचा तोडगा म्हणजे रेट्रोफोकस रचना. पुढे एक मोठा अंतर्गोल भिंगांचा गट बसवायचा. तो किरण आधी पसरवतो, मग मागचा बहिर्गोल गट ते गोळा करतो. त्यामुळे फोकल लेंथ २० मिमी असूनही प्रतिमा लेन्सपासून बरीच लांब तयार होते. फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने १९५० मध्ये ३५ मिमीची अशी लेन्स बाजारात आणली आणि पुढे एसएलआरच्या बहुतेक वाइड लेन्स याच वाटेने गेल्या. किंमत मोजावी लागली ती आकारात. पुढची काच मोठी, आणि पुढचा-मागचा भाग सारखा नसल्यामुळे येणारी विकृती निस्तरायला आणखी काचा.

मिररलेसमध्ये हे अंतर निकॉन झेडवर १६ मिमी, सोनी ई-वर १८, कॅनन आरएफवर आणि लायका-पॅनासॉनिक-सिग्माच्या एल माउंटवर २० मिमी. मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ नेता येतं. फरक हातात घेतल्यावर कळतो. कॅननची एसएलआर काळातली २० मिमी एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं) लेन्स ४०५ ग्रॅमची आणि ७२ मिमी फिल्टरची होती. आरएफ माउंटची १६ मिमी एफ/२.८ तिच्याहून वाइड असूनही १६५ ग्रॅमची आहे आणि तिला ४३ मिमीचा फिल्टर लागतो.

पण एवढं सगळं वजन आरशाने खाल्लेलं नव्हतं. या हलकेपणाचा निम्मा हिशेब दुसरीकडेच चुकता होतो : चौकटीच्या कोपऱ्यात.

कोपऱ्याची किंमत

कोपऱ्याकडे जाणारा प्रकाश तिरपा असतो. त्याला लांबचं अंतर कापावं लागतं, लेन्सचं छिद्र त्याला तिरक्या बाजूने लंबगोल दिसतं, आणि सेन्सरवर तो कललेला पडतो. हे सगळे परिणाम एकत्र गुणले की साध्या लेन्समध्ये उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. फुल फ्रेमवर २८ मिमीला टोकाच्या कोपऱ्यात मध्याच्या ३९ टक्के प्रकाश उरतो, २० मिमीला २१ टक्के, १६ मिमीला जेमतेम साडेबारा टक्के, म्हणजे पूर्ण तीन स्टॉपची घट (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मोठ्या पुढच्या काचेच्या लेन्समध्ये ही घट बरीच सावरता येते. छोट्या लेन्समध्ये तेवढी जागा नसते. उलट अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं असताना लेन्सची नळीच कडेचे काही किरण अडवते.

शिवाय सेन्सर म्हणजे फिल्म नव्हे. त्याच्या पुढे काचेचा थर असतो आणि प्रत्येक पिक्सेलवर एक सूक्ष्म भिंग. फार तिरपे किरण त्या काचेतून जाताना विस्कटतात. जुन्या, आरसा नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या इवल्याशा वाइड लेन्स फिल्मवर कडेपर्यंत लखलखीत असायच्या. त्याच अडॅप्टर लावून मिररलेसवर बसवल्या की कोपरे पुसट आणि कधी जांभळट येतात, ते यामुळे. म्हणून आरसा नसला तरी आजच्या वाइड लेन्स थोड्याफार रेट्रोफोकस असतातच.

उरलेली दुरुस्ती सॉफ्टवेअर करतं. पूर्वी सरळ रेषा सरळ ठेवायला काचा खर्ची पडत. आता लेन्स मुद्दाम थोडी मोकळी सोडतात : भिंती पिंपाच्या फळ्यांसारख्या बाहेर फुगतात, कोपरे काळवंडतात, आणि कॅमेरा फोटो साठवतानाच ते ओढून सरळ आणि उजळ करतो. आरएफ १६ मिमीची रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) दुरुस्तीशिवाय पाहिली की फुगवटा चटकन दिसतो. फुजीफिल्मची एपीएस-सीसाठीची १६ मिमी एफ/२.८ (१५५ ग्रॅम) हीसुद्धा सॉफ्टवेअरवर विसंबलेली, तर तिचीच जुनी बहीण १४ मिमी एफ/२.८ (२३५ ग्रॅम) रेषा काचेनेच सरळ ठेवते.

यात फसवणूक आहे असं मानायचं कारण नाही. अंतिम फोटो चांगला असेल तर तो कशाने चांगला झाला याने फरक पडू नये. मात्र या दुरुस्तीची किंमत कुठे लागते ते माहीत हवं. फुगवटा सरळ करताना कोपऱ्यातले पिक्सेल ताणले जातात, बारकावा घटतो. कोपरा दोन स्टॉपने उजळला तर तिथला नॉइजही (फोटोतले दाणे) तेवढाच वर येतो. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर याची खंत नको. कोपरा ४०० सारखा वागेल, कुणाला दिसणारही नाही. रात्री आयएसओ ३२०० वर मात्र तोच कोपरा १२,८०० सारखा दाणेदार होतो. घेण्याआधी नमुना रॉ फाइल मिळवून डार्कटेबल किंवा रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये लेन्सची दुरुस्ती बंद ठेवून पाहावी. लाइटरूममध्ये बऱ्याच मिररलेस लेन्सची दुरुस्ती आपोआप लागते आणि बंद करता येत नाही, त्यामुळे तिथे खरं रूप कळत नाही.

एफ/२.८ की एफ/१.८?

दिवसा डोंगर, किल्ले, वाडे टिपायचे असतील तर एफ/१.८ वर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. २० मिमीला एफ/८ लावून १.७ मीटरवर फोकस केला, तर साधारण ८५ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं रेखीव येतं. कासच्या पठारावरचं पायाजवळचं फूल आणि मागचा ढग दोन्ही. मोठं अ‍ॅपर्चर इथे पिशवीत झोपून राहतं. एफ/१६ पर्यंतही जाऊ नये. तिथे विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) प्रत्येक बिंदूची सुमारे २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तबकडी होते, आणि २४ मेगापिक्सेल सेन्सरचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा असतो.

अशा कामाला सोनीची २४ मिमी एफ/२.८ जी (१६२ ग्रॅम), निकॉनची २६ मिमी एफ/२.८ (१२५ ग्रॅम), विल्ट्रॉक्सची २० मिमी एफ/२.८ किंवा मायक्रो फोर थर्ड्सवर पॅनासॉनिकची ५५ ग्रॅमची १४ मिमी एफ/२.५ पुरेशी आहे. ट्रेकला निघताना पाठीवर अर्धा किलो कमी असणं म्हणजे लेन्स घरी न राहणं.

आकाशगंगेची गोष्ट वेगळी. मार्च ते मेमध्ये, पावसाचे ढग येण्याआधी, मध्यरात्रीनंतर तिचा मध्यभाग आग्नेयेला वर येतो. तेव्हा प्रकाश गोळा करणारं छिद्र प्रत्यक्षात किती मोठं, हेच खरं. २० मिमीला एफ/१.८ म्हणजे ११ मिमी व्यासाचं छिद्र, एफ/२.८ म्हणजे ७ मिमी. क्षेत्रफळात जवळजवळ अडीचपट फरक. शटर वाढवून तो भरून काढता येत नाही. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सरकतो आणि २० मिमीला ६ मायक्रॉनचा पिक्सेल सुमारे ६२ विकलांचा असतो. म्हणजे दर चार सेकंदांना तारा एक पिक्सेल पुढे. '५०० भागिले फोकल लेंथ' या जुन्या नियमाने २५ सेकंद मिळतात, पण तेवढ्यात सहा पिक्सेलची रेघ उमटते. १२ सेकंदांवर थांबणं बरं, आणि म्हणूनच मोठं अ‍ॅपर्चर लागतं. सोनीची २० मिमी एफ/१.८ जी ३७३ ग्रॅमची आहे. एपीएस-सीवर त्यांचीच ११ मिमी एफ/१.८ अवघी १८१ ग्रॅमची.

इथेही कोपरा तपासायचा. अ‍ॅपर्चर उघडं असताना कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, ठिपक्याऐवजी उडती पाखरं दिसतात. याला कोमा म्हणतात. दोन स्टॉप बंद करून तो जात असेल, तर विकत घेतलेलं एफ/१.८ कामाचं राहिलंच नाही. फोकससाठी मॅन्युअल करून तेजस्वी तारा पडद्यावर दहापट मोठा करावा आणि तो सर्वांत लहान दिसेपर्यंत रिंग फिरवावी. या लेन्सची रिंग बहुधा इलेक्ट्रॉनिक असते, अनंतावर अडकत नाही, आणि कॅमेरा बंद केला की कित्येकदा फोकस हलतो. बॅटरी बदलली तर पुन्हा पहिल्यापासून.

ज्याला लेन्स जबाबदार नाही

लग्नाच्या ग्रुप फोटोत टोकाला उभ्या असलेल्या मावशी रुंद का दिसतात? सरळ रेषा सरळ ठेवणारी कुठलीही लेन्स कडेची वस्तू बाहेरच्या दिशेने ताणतेच. हा सपाट पृष्ठभागावर गोल जग उतरवण्याचा परिणाम आहे. २८ मिमीला कडेचं डोकं उंचीच्या मानाने सुमारे १.२ पट रुंद येतं, २४ मिमीला सव्वापट, १६ मिमीला दीडपट. महागडी लेन्स घेऊन हे सुटत नाही. माणसं मध्याकडे घ्यावीत, नाहीतर मागे सरकून ३५ मिमी वापरावी. हातात कॅमेरा धरून स्वतःचं व्हिडिओ चित्रण करायचं असेल तर १६ ते २० मिमी लागते, कारण इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चौकटीच्या कडा कापून घेतं.

पाणी, बुरशी आणि पहिला आठवडा

ओल्या कातळावरची आणि पानांवरची चमक काढायला पोलरायझर (ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश अडवणारा फिल्टर) उत्तम, पण निळ्या आकाशासाठी वाइड लेन्सवर तो टाळावा. आकाशाचा प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक ध्रुवित असतो. ८४ अंशांच्या चौकटीत त्यामुळे एक गडद पट्टा उमटतो. फिल्टर एकावर एक चढवले की आधीच अंधारलेले कोपरे पूर्ण काळे होतात, म्हणून पातळ कडेचा एकच घ्यावा.

स्वस्त छोट्या लेन्सना माउंटजवळ रबरी गॅस्केट बहुधा नसतं. बैठकीच्या धातूभोवती ती बारीक कड दिसते का, हे दुकानातच पाहावं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लेन्स बॅगेत पडून राहिली की आत बुरशीचं जाळं धरतं. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवावा. तांदळात ठेवू नये, भुकटी आत जाते. एसी गाडीतून उतरताना लेन्स अर्धा तास बॅगेतच राहू द्यावी, नाहीतर काचेवर दव धरतं.

नवी लेन्स परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी करावी. छोट्या लेन्समध्ये काचा अगदी जवळ बसवलेल्या असतात. एखादी किंचित तिरकी बसली तरी एकच कोपरा बिघडतो. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून दूरचा एखादा टॉवर निवडावा, किमान शंभर मीटरवरचा. टॉवर मध्यभागी ठेवून फोकस करावा, मग फोकस मॅन्युअलवर अडकवून तोच टॉवर आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणत एकेक फोटो घ्यावा, आधी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर, मग एफ/५.६ वर. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती त्या रचनेचीच मर्यादा आहे. तीन रेखीव आणि एक पुसट असेल, आणि एफ/५.६ वरही तो सुधारत नसेल, तर नग सदोष आहे. तो बदलून घ्यावा, आणि बदलून आलेल्या नगावर हीच चाचणी पुन्हा करावी.