बाळाची वाढ रोज होत नाही

तान्हे मूल असलेल्या घरात एक तक्रार ठरलेली असते: बाळाच्या दुधाच्या आणि झोपेच्या वेळा जरा कुठे बसल्या म्हणेपर्यंत सगळे पुन्हा विस्कटते. आमच्या मुलीच्या पहिल्या काही महिन्यांत मीही ती करत असे. दुपारी निवांत झोपणारी मुलगी एकाएकी तासातासाला अंगावर पिण्यासाठी रडू लागे, मग दोन दिवस नुसती झोपून राही, आणि त्यानंतर कधीतरी आंघोळीनंतर झबले चढवताना ते काखेत रुतते आहे हे लक्षात येई. घरातल्या जाणत्या बायका त्यावर "बाळ अंग धरतंय" एवढेच म्हणत. त्यांच्या या निरीक्षणाला पुढे मोजमापाचाही आधार मिळाला आहे.

अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ मिशेल लॅम्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ बाळांची लांबी वारंवार, काहींची तर रोज, मोजली आणि १९९२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला की, बाळाची लांबी रोज थोडीथोडी वाढत नाही. पहिल्या दोन वर्षांतला ९० ते ९५ टक्के काळ ती आहे तेवढीच राहते आणि मधूनच अर्धा ते अडीच सेंटिमीटरची झेप घेते. हा निष्कर्ष सर्वांनी लगेच मान्य केला नाही, आणि ज्यांनी बाळाची लांबी मोजून पाहिली आहे त्यांना त्याचे कारण सांगावे लागणार नाही. एकाने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे, आणि नेमक्या त्याच क्षणी बाळाने पाय पोटाशी घ्यायचे, अशा मोजणीत काही मिलिमीटरची चूक सहज होते. २०११ मध्ये लॅम्पल यांनीच झोपेच्या नोंदी जोडून दाखवले की, बाळाची एकूण झोप एक-दोन दिवस एकदम वाढते आणि त्यानंतर ४८ तासांच्या आत लांबीतील झेप दिसण्याची शक्यता अधिक असते. झोपेमुळे वाढ होते की वाढीमुळे झोप येते, हे मात्र अशा नोंदींवरून ठरत नाही.

वजनाची चाल याहून वेगळी असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ते सात ते दहा टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह सहा देशांतील बालकांच्या अभ्यासावरून जी मानके प्रसिद्ध केली, त्यांनुसार मुलीचे मध्यक वजन (निम्म्या मुली ज्याच्या खाली आणि निम्म्या ज्याच्या वर असतात ते) जन्मतः ३.२ किलो, तीन महिन्यांना ५.८, सहा महिन्यांना ७.३ आणि वर्षाअखेर ८.९ किलो असते. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत जेवढी भर पडते, तिच्या निम्म्याहून थोडीच अधिक पुढच्या तीन महिन्यांत पडते. चौथ्या-पाचव्या महिन्यात "वजन वाढतच नाही, दूध पुरत नाही" असे वाटून वरचे दूध सुरू करण्याआधी हे आकडे पाहावेत आणि बाळाचे वजन वाढीच्या आलेखावरील आपल्या रेषेच्या आसपास आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

तिन्हीसांजेचे रडणे हा आणखी एक काळजीचा विषय. बॉस्टनमधील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये आईवडिलांनी ठेवलेल्या नोंदींवरून दाखवले की, निरोगी बाळेही सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाकाठी पावणेतीन तासांच्या आसपास रडतात, त्यातही संध्याकाळी अधिक, आणि नंतर हे रडणे उतरत जाते. दृष्ट काढल्यावर चार-आठ दिवसांत गुण येतो, त्यात मीठ-मोहऱ्यांचा वाटा किती, हे यावरून ज्याचे त्याने ठरवावे.

झोपेचे गणित सर्वांत गुंतागुंतीचे आहे. गर्भात असताना आईचे मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण शरीराला देणारे संप्रेरक, वारेतून बाळाला मिळते. नाळ कापल्यावर हा पुरवठा थांबतो, आणि बाळाचे स्वतःचे मेलॅटोनिन रात्री ठरल्या वेळी स्रवू लागायला दोन ते तीन महिने जातात. तोवर त्याला दिवस काय नि रात्र काय, सारखेच. (रात्रीच्या आईच्या दुधात मात्र हे संप्रेरक असते, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते.) शिवाय नवजात बाळाची निम्मी झोप ही 'सक्रिय झोप' असते. तिच्यात पापण्या थरथरतात, श्वास अनियमित होतो, बाळ कण्हते, तोंड वेडेवाकडे करते आणि हसतेही. सटवाई हसवते म्हणतात ते हेच. अशा वेळी बाळ जागे झाले असे समजून आपण त्याला उचलतो आणि खरोखरच जागे करतो. पहिल्या महिन्यांत बाळ झोपेत शिरते तेही बहुधा या सक्रिय टप्प्यातून, त्यामुळे डोळे मिटताच पाळण्यात ठेवले की ते दचकून दोन्ही हात फेकते. तीन महिन्यांच्या सुमारास हा क्रम पालटू लागतो आणि शांत झोप आधी येते.

या काळात आईवडिलांच्या हाती फारसे नसते, पण दिवसाची झोप उजेडात आणि घरातल्या नेहमीच्या आवाजात होऊ द्यावी, रात्री दूध पाजताना दिवा मंद ठेवावा, बोलणे-खेळवणे टाळावे. पण बाळ दूध ओढेनासे झाले, एरवीपेक्षा फार कमी वेळा लंगोट ओले करू लागले किंवा उठवूनही जागे होईना, तर झेपेची वाट पाहत न बसता त्याला लगेच दवाखान्यात न्यावे.