वाचायला दिलेलं पुस्तक आणि पाठवलेली पीडीएफ

आमच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी नव्या कादंबरीच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकला, की पाच मिनिटांत खाली प्रश्न येतो, ‘‘पीडीएफ आहे का?’’ आणि बऱ्याचदा ती येतेही. मी हरकत घेतली की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘‘ताई, वाचनालयातनं आणून वाचतो तवा तरी लेखकाला कुठं पैसे मिळतात? हे बी तसंच की.’’ मी कोल्हापुरात बरीच वर्षं मुद्रितं तपासते आहे. लेखक, प्रकाशक, वाचक तिघांनाही जवळून बघते. हे ‘तसंच’ नाही.

वाचनालय तुम्हाला माहीत आहे. अनामत, वर्गणी, नोंद, उशीर झाला तर दंड. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. कोल्हापूर संस्थानानं तर देश स्वतंत्र व्हायच्या आधी, १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. पुस्तक उसनं देणं-घेणं या गावाच्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि त्याच चांगल्या सवयीचं नाव पुढं करून पीडीएफ वाटली जाते याचाच मला जास्त राग येतो.

घोटाळा ‘देणं’ या क्रियापदात आहे. ‘मी त्याला पुस्तक दिलं’ आणि ‘मी त्याला पीडीएफ दिली’ ही वाक्यं कानाला सारखी लागतात. पण पुस्तक दिलं की माझ्या कपाटात फट पडते. ते परत येईपर्यंत मला वाचता येत नाही, आणि परत येतंय की नाही याची धाकधूक असते. पीडीएफ पाठवल्यावर माझ्याकडचं काहीच जात नाही. आधी एक प्रत होती, आता दोन झाल्या. म्हणजे मी काही दिलंच नाही, मी नक्कल केली. कॉपीराइट या शब्दातला ‘कॉपी’ तो हाच. १९५७ च्या कायद्यानं प्रती काढायचा हक्क लेखकाकडे ठेवला आहे, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक साठवणूकही येते. विकत घेतलेली प्रत दुसऱ्याला वाचायला द्यायला, विकायला, रद्दीत घालायलाही कुणाची आडकाठी नाही.

एक प्रत एकच राहिली की पुढच्या गोष्टी आपोआप घडतात. ती एकाच्या हातात असते तेव्हा बाकीचे थांबतात. ज्याला थांबवत नाही तो विकत घेतो. पन्नास-साठ घरं फिरून आल्यावर तिची शिवण उसवते, पानं सुटतात, आणि मागणी असेल तर वाचनालय नवी प्रत आणतं. वाचनालयाच्या मुळाशी खरेदी आहे, आणि त्या खरेदीवर लेखकाला मानधन मिळतं. अशी हजारो वाचनालयं महाराष्ट्रात आहेत. मराठी पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीला खरा आधार असतो तो त्यांचाच. पीडीएफला ना थांबणं, ना झिजणं, ना दुसरी खरेदी. एका व्हॉट्सॲप गटात आता १०२४ माणसं मावतात. मराठी कादंबरीची आवृत्ती हजाराची असली तर आज ती चांगली मोठी म्हणायची. भरलेल्या गटावर एकदा बोट दाबलं की अख्ख्या आवृत्तीएवढ्या प्रती निघतात.

हा भेद कागद आणि पडदा यांच्यातला आहे असं बरेच जण समजतात. तसं नाही. परदेशातली कितीतरी वाचनालयं परवाना घेऊन ई-पुस्तकंही उसनी देतात, बहुतेक ठिकाणी एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. तुमच्या मोबाइलवर प्रत उघडली की दुसऱ्याला थांबावं लागतं. उलट, अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था स्वतःकडची छापील पुस्तकं स्कॅन करून उसनी देत होती. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या काळात, तिनं थांबण्याची अटच काढून टाकली. जूनमध्ये चार प्रकाशक कोर्टात गेले. २०२३ मध्ये निकाल संस्थेच्या विरोधात लागला आणि २०२४ मध्ये वरच्या कोर्टानंही तो कायम ठेवला. एका वेळी एकालाच देतो, हा बचावसुद्धा तिथं टिकला नाही, कारण परवानगीविना स्कॅन काढणं हीच मुळात नवी प्रत होती.

आता पैशाचं. समजा पुस्तक ३०० रुपयांचं आहे आणि मानधन दहा टक्के. एका प्रतीमागे ३० रुपये, हजार प्रती संपल्या तर ३०,००० रुपये. तेही एकरकमी नाहीत, प्रती खपतील तसे. कादंबरीला दोन वर्षं लागली असतील तर महिन्याला १,२५० रुपये पडले. यातून कुणाचं घर चालत नाही हे लेखकालाही ठाऊक असतं. पण आवृत्ती संपली की दुसरी निघते, पुढच्या हस्तलिखिताला प्रकाशक हो म्हणतो. पीडीएफ उघडणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक होता असं मी म्हणत नाही. कित्येक जण ती उघडतही नाहीत. पण हजारातल्या दोनशे प्रती गोदामात पडून राहिल्या, की दुसरी आवृत्ती अडते आणि पुढचं पुस्तकही.

मुद्रितं तपासणारी म्हणून आणखी एक खुपतं. मोबाइलनं फोटो काढून केलेल्या या पीडीएफमध्ये ११२ नंतर एकदम ११५ वं पान येतं, कडेच्या ओळी कापलेल्या असतात, आणि वाचणारा म्हणतो, ‘‘काय गचाळ छापलंय!’’ सगळ्यांत आधी गायब होतं ते श्रेयपान. लेखकाचे हक्क, प्रकाशकाचा पत्ता, आवृत्तीचं साल तिथंच असतं.

फुकट ते सगळं चोरीचं, असंही नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी मोकळं आहे, ते खुशाल पाठवा. आपल्या कोल्हापूरचे वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. ‘जुनं झालंय, आता चालतं’ हे त्यांच्याबाबत चुकीचं आहे. लेखकानं स्वतःहून खुलं केलेलं पुस्तक अर्थातच वेगळं. अंध विद्यार्थ्यासाठी त्याला वाचता येईल अशी प्रत करून द्यायला कायद्यानंच मुभा दिली आहे, तिथं माझी कसलीच तक्रार नाही.

‘विद्या दिल्यानं वाढते’ हे वाक्यही मला दर वेळी ऐकवतात. पुस्तकातलं जे कळलं ते चारचौघांत सांगा, शिकवा, त्यावर वाद घाला. त्याला कुणी अडवलेलं नाही.

पुस्तकं महाग झालीत, हे मात्र मला मान्य आहे. कॉलेजात शिकणाऱ्या पोरानं तीनशे रुपये कुठून आणायचे? त्याला मी वाचनालयातली मागणीवही दाखवते. हवं ते पुस्तक तिथं नसेल तर त्या वहीत पुस्तकाचं, लेखकाचं आणि प्रकाशकाचं नाव लिहायचं, खाली स्वतःचा सभासद क्रमांक. आणखी दोघा मित्रांना त्याच नावाखाली त्यांचे क्रमांक लिहायला सांगायचे. खरेदीची यादी करताना ग्रंथपाल ती वही समोर घेऊन बसतात.