सोलर डेकॅथलॉन

सोलर डेकॅथलॉन : केवळ सूर्यशक्तीवर चालणारे, राहण्याजोगे पूर्ण घर विद्यार्थ्यांनी स्वतः आखून उभारण्याची आंतरविद्यापीठीय स्पर्धा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ती सुरू केली. त्या विभागातील रिचर्ड किंग हे तिचे प्रवर्तक. ‘डेकॅथलॉन’ या दहा क्रीडाप्रकारांच्या मैदानी स्पर्धेवरून नाव पडले. पहिली स्पर्धा 2002 मध्ये वॉशिंग्टन येथील नॅशनल मॉलवर 14 संघांत झाली व कोलोरॅडो विद्यापीठाने ती जिंकली.

पूर्वपीठिका : पहिले सौरगृह कोणते, यावर एकमत नाही. बहुधा मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत (एमआयटी) हॉयट हॉटल यांच्या मार्गदर्शनाखाली 1939 मध्ये बांधलेल्या घराला हा मान देतात. त्यात छपरावरील संग्राहकांनी (ऊन शोषून पाणी तापवणाऱ्या पट्टांनी) तापवलेले पाणी तळघरातील प्रचंड टाकीत साठवून उन्हाळ्याची उष्णता हिवाळ्यासाठी राखली जाई. मात्र ती संशोधनासाठी उभारलेली वास्तू होती. कुटुंबाचे राहते घर हाच निकष धरला, तर इलिनॉयमधील वास्तुविशारद जॉर्ज फ्रेड केक यांचे 1940 च्या सुमाराचे स्लोन घर पुढे येते. पण त्यात संग्राहक नव्हते, दक्षिणेकडील मोठ्या काचांतून ऊन आत घेतले होते. मारिया टेलकेश (रसायन) व एलिनॉर रेमंड (वास्तुरचना) यांनी 1948 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील डोव्हर येथे बांधलेल्या घरात ग्लॉबर क्षाराच्या (जलयुक्त सोडियम सल्फेटच्या) वितळण्या-गोठण्यातून उष्णता साठवली होती. काही हिवाळ्यांनंतर क्षाराचे थर वेगळे होऊन ती योजना निकामी झाली. ही सर्व घरे उष्णतेची होत. उष्णतेबरोबर वीजही देणारे डेलावेअर विद्यापीठाचे ‘सोलर वन’ (1973) हेच स्पर्धेतील घरांचे जवळचे पूर्वज मानणे अधिक युक्त वाटते.

कसोट्या : घराचा परीक्षक नुसता पाहणारा नसतो, हे या स्पर्धेचे खरे बळ. घरातले तापमान ठरलेल्या मर्यादेत राखावे लागते, टॉवेल धुऊन वाळवावे लागतात, आंघोळीपुरते गरम पाणी काढून दाखवावे लागते. पुढे शेजारच्या संघांना जेवायला बोलावण्याचीही कसोटी आली. आरंभी उरलेल्या विजेवर विद्युत मोटार चालवून अंतर मोजले जाई. सुरुवातीची घरे बॅटरीवर स्वतंत्र चालत. 2009 पासून ती वीजजाळ्याला जोडली गेली व विजेचा जमाखर्च मोजला जाऊ लागला. 2007 व 2009 मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट तंत्रविद्यापीठ विजयी झाले. त्याच्या दुसऱ्या घराच्या भिंतींवरही सौरपट्ट होते. 2011 मध्ये परवडण्याची कसोटी आली व अडीच लाख डॉलरच्या आतील घराला पूर्ण गुण मिळू लागले. हा बदल इष्टच होता. 2015 मधील स्टीव्हन्स संस्थेचे विजेते घर न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील सँडी वादळाचा (2012) अनुभव डोळ्यांपुढे ठेवून, पूर सोसेल व वीज गेल्यावर शेजाऱ्यांनाही थोडी देईल असे आखले होते.

प्रसार : युरोपीय स्पर्धा माद्रिदला 2010 मध्ये, चिनी दातोंगला 2013 मध्ये व मध्यपूर्वेतील दुबईला 2018 मध्ये झाली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा (आयआयटी) ‘टीम शून्य’ हा संघ 2014 मध्ये व्हर्साय येथे उतरला. युरोपीय स्पर्धेतील तो पहिला भारतीय संघ होय. 2018 मध्ये त्याने चीनमधील देझोऊ येथेही घर उभारले. ‘सोलर डेकॅथलॉन इंडिया’ 2020 पासून चालते. ती आराखड्यांची स्पर्धा असून विद्यार्थी प्रत्यक्ष विकासकांच्या प्रकल्पांवर काम करतात.