शेतात सापडणाऱ्या झिजलेल्या रोमन नाण्यामागचा इतिहास

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी शोधकांना सोन्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा सापडते ते नखाएवढे, हिरवे पडलेले रोमन नाणे, ज्यावरच्या सम्राटाचा चेहराही धड ओळखू येत नाही. या नाण्यांच्या विपुलतेचे मूळ मुख्यतः तिसऱ्या शतकातल्या चलनाच्या घसरणीत आहे.

इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि सैनिकांच्या पगाराबरोबर रोमन नाणीही तिथे रुळली. इ.स. २१५ मध्ये सम्राट कॅराकॅलाने चांदीचे नवे नाणे काढले. पण युद्धखर्च भागवण्यासाठी पुढच्या सम्राटांनी त्यातली चांदी सतत कमी केली आणि इ.स. २७० च्या सुमारास ती पाच टक्क्यांच्याही खाली गेली. गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या परिसरातल्या) बंडखोर सम्राटांची राजवट २७४ मध्ये संपल्यावर सुट्या पैशांची टंचाई झाली, तेव्हा लोकांनी ओबडधोबड नकला पाडून व्यवहार चालवले. इतके हलके नाणे हातातून पडले, तर ते शोधत बसण्याचे कारणच नव्हते. चौथ्या शतकातही तांब्याची चिल्लर येत राहिली. ४०२ नंतर मात्र नव्या नाण्यांचा पुरवठा जवळजवळ थांबला.

नाणे झिजते ते आधी हातोहात फिरून आणि नंतर मातीतल्या आम्लांमुळे. तरीही आकार आणि जाडीवरून त्याचा काळ बऱ्याचदा ठरवता येतो. नाणकशास्त्रज्ञ रिचर्ड रीस यांनी ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या रोमन नाण्यांची २१ कालखंडांत विभागणी केली, त्यामुळे एका वस्तीतल्या नाण्यांची दुसरीतल्या नाण्यांशी तुलना शक्य झाली. त्यासाठी नाणे नेमके कुठे मिळाले याची नोंद लागते, आणि माझ्या मते नाण्याच्या बाजारभावापेक्षा ही नोंद फार मोलाची आहे. सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ २०१० मध्ये एका मडक्यात ५२,५०३ नाणी मिळाली. शोधकाने वेळीच खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले, म्हणूनच ती थराथराने काढता आली. सर्वांत उशिराच्या नाण्यांपैकी बरीचशी मडक्याच्या खालच्या भागात होती, त्यावरून ही नाणी वर्षानुवर्षे साठवलेली नसून एकाच वेळी पुरली असावीत, असे दिसले.

अशा पुरलेल्या साठ्यांना १९९६ चा ट्रेझर कायदा, म्हणजे शोधकाला सापडलेला साठा कळवणे बंधनकारक करणारा कायदा, लागू होतो, मात्र सुटे नाणे सहसा त्यात येत नाही. त्यासाठी १९९७ पासून ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ ही नोंदणी योजना सुरू आहे, परंतु तिच्याकडे नाणे दाखवणे सर्वस्वी शोधकाच्या इच्छेवर अवलंबून असते.